दोन फोटोंतून डोंगर

आमच्या ऑफिसात बोलायची सोय नव्हती. दिवसभर दोन्ही डोळे यंत्राच्या भिंगांना लावलेले, हात चाकांवर, आणि मान जरा हलली की समोरचा डोंगर मोडायचा. त्यामुळे जे काही घडायचं ते चहाच्या पंधरा मिनिटांत सांगून संपवावं लागे. ते कधी संपलं नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुनी मंडळी भेटलो की राहिलेलं सांगतो आणि सांगितलेलंही पुन्हा सांगतो. घरच्यांना वाटतं आम्ही तिथे नकाशे काढत होतो. नकाशे काढलेच. पण ते सरकारजमा झाले, आमच्याकडे हे किस्से राहिले.

काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

विमानातून जमिनीचे फोटो काढलेले असत. एकामागून एक, आणि असे की एका फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोतही यावा. असे दोन शेजारचे फोटो यंत्रात लावायचे. डाव्या डोळ्याला डावा दिसतो, उजव्याला उजवा. क्षणभर सगळं धूसर होतं आणि मग कागदातून जमीन वर उठते. टेकड्या उभ्या राहतात, ओढे खाली जातात. यंत्रात एक बारीक ठिपका हवेत तरंगताना दिसतो. चाक फिरवून तो जमिनीवर टेकवायचा. टेकला की तिथली उंची कळली. मग तीच उंची धरून ठिपका जमिनीला चिकटवून फिरवत न्यायचा, की नकाशावर एका उंचीची रेघ उमटते. त्या रेघांवरून धरणं, कालवे, रस्ते ठरत.

हे सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातलं. नाशिकला, पंचवटीच्या पुढे, एका बराकीसारख्या इमारतीत आम्ही दहा-बाराजण हा उद्योग करत होतो.

*

मला नोकरी कशी लागली ते मला स्वतःला बरेच दिवस कळलं नव्हतं.

मुलाखतीला आम्ही पाचजण होतो. आत गद्रे साहेब, म्हणजे आमच्या शाखेचे प्रमुख. बारीक, पांढरा बुशशर्ट, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी टेबलावर एक स्टिरिओस्कोप ठेवला होता. स्टिरिओस्कोप म्हणजे चार पायांचं छोटं स्टँड, त्यात दोन भिंगं आणि खाली दोन फोटो. मला म्हणाले, "बघा आणि काय दिसतं ते सांगा."

मी वाकलो. यातून डोंगर उभा दिसतो हे मी ऐकून होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. काही उठेना.

"सपाट दिसतंय, साहेब."

"नीट बघा."

आईनं गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं की पोराचं काम झालं म्हणून. डोळे ताणले, बारीक केले, पुन्हा ताणले.

"सपाटच आहे, साहेब."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. बाहेर बाकीचे चौघे एकमेकांना आपण काय काय पाहिलं ते सांगत होते. मी कोणाशी न बोलता घरी आलो.

दहा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. पहिल्या दिवशी मला अहिरेंच्या शेजारी बसवलं. अहिरे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. वडील नाशिकरोडला कामगार होते, घरात ऑफिसातली नोकरी करणारे हे पहिले. मी त्यांना विचारलं, "मला काहीच दिसलं नव्हतं, तरी मला कसं घेतलं?"

"दोन्ही बाजूंना एकाच फोटोच्या दोन प्रती होत्या," अहिरे म्हणाले. "दोन वेगळ्या जागांवरून काढलेले फोटो असले तर खोली दिसते. एकाच फोटोच्या प्रती असल्या की सपाटच दिसतं."

"मग बाकीच्यांना?"

"दोघांना डोंगर दिसला. एकाला दरी. चौथ्याला धबधबा."

धबधबा दिसलेले गृहस्थ नंतर दुसऱ्या एका खात्यात लागले आणि माझ्या आधी पाच वर्षं साहेब झाले.

*

एकदा मुंबईहून एक मोठे साहेब पाहणीला आले. गद्रे साहेबांनी त्यांच्यासाठी गंगापूरच्या वरच्या अंगाची एक छान जोडी स्टिरिओस्कोपखाली लावून ठेवली होती. नदीची दरी, दोन्हीकडे उतार, सगळं स्वच्छ.

गद्रे साहेब माहिती देत होते तेवढ्यात पाहुण्यांनी दोन्ही फोटो उचलले, खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले आणि स्वतःच परत ठेवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

फोटोंची अशी अदलाबदल झाली की सगळंच उलटं दिसतं. उंच ते खोल, खोल ते उंच. अहिरेंच्या हे लक्षात आलं. त्यांनी गद्रे साहेबांकडे पाहिलं. गद्रे साहेबांच्याही लक्षात आलं होतं, पण पाहुणे तोवर भिंगांवर वाकले होते.

"वा," पाहुणे म्हणाले. "काय सुंदर रांग आहे. आणि किती वळणं घेत गेलीय."

"गद्रे, ह्या डोंगराचं नाव काय?"

"गोदावरी, सर."

पाहुण्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं."

जाताना त्यांनी शेऱ्यांच्या वहीत लिहिलं, 'येथे काम खोलात जाऊन केले जाते.'

*

मला नोकरी लागून महिना झाला असेल. घोटीकडच्या रस्त्याची जोडी माझ्या यंत्रावर होती. मी रस्त्यावर ठिपका टेकवत टेकवत चाललो होतो. एका ठिकाणी थांबलो. भिंगातून डोळे काढले, चोळले, पुन्हा लावले.

मग हळूच म्हणालो, "अहिरे, इथे एस.टी. हवेत आहे."

ते आपल्या यंत्रातून मान न काढता म्हणाले, "किती वर?"

"बरीच."

"बरीच म्हणजे काय? मोजा."

मी ठिपका वर नेत नेत बसच्या टपावर टेकवला. रस्त्यापासून अडीचशे फूट. खाली रस्ता, रस्त्याच्या कडेला झाडं, आणि त्यांच्या वर ही बस शांतपणे तरंगत होती.

मी तो आकडा घेऊन देशपांडे बाईंकडे गेलो. ऑफिसातली सगळी गणितं बाईंकडे असत. हातानं फिरवायचं गणकयंत्र, समोर लॉगची पुस्तकं, आणि केसात खोचलेली पेन्सिल. त्यांनी आकडा पाहिला आणि विचारलं, "विमान कुठे चाललं होतं?"

"पूर्वेकडे."

"आणि बस?"

"घोटीकडे. म्हणजे पश्चिमेकडे."

"अहो, मग बरोबर आहे. दोन फोटोंच्या मध्ये दहा सेकंद गेलेत. तेवढ्यात बस पुढे सरकली. जमीन जागेवर राहिली, बस राहिली नाही. यंत्राला वाटतं ती वर आहे. विमानाच्या दिशेनं जात असती तर जमिनीत गेली असती."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी अडीचशे फुटांवरून उलटं गणित केलं आणि बसचा वेग काढला. ताशी अठरा किलोमीटर.

"इतका कमी?" मी म्हणालो. "काहीतरी चुकलं असेल."

दारात सोनवणे उभे होते. सोनवणे आमचे फिल्डवरचे सर्व्हेयर, मूळचे सटाण्याकडचे. वर्षातले आठ महिने रस्त्यावर. चिडले किंवा खूश झाले की अहिराणीत जायचे.

"बाईंचं बरोबर शे," ते म्हणाले. "त्या रस्त्यावर त्याच्याहून जोरात गेली तर खिडक्या गळून पडतात."

*

फोटोंवरून जमीन उभी राहते, पण ती किती मोठी आणि कुठे कललेली हे फोटो सांगत नाहीत. त्यासाठी जमिनीवरचे काही बिंदू प्रत्यक्ष मोजलेले लागतात, आणि ते फोटोत ओळखू आले पाहिजेत. म्हणून विमान यायच्या आधी सोनवणे गावोगाव जाऊन मोकळ्या जागेत चुन्याची मोठी फुली मारत, तिची उंची मोजत आणि पुढच्या गावी जात.

एकदा येवल्याकडचे फोटो आले. एका गावाशी माझं काम अडलं. तिथे फुल्या दोन होत्या. एकीपासून दुसरी शंभरेक पावलांवर. दोन्ही सारख्या पांढऱ्या, दोन्हींचे हात सारखे लांब.

सोनवणे म्हणाले, "मी एकच मारली."

"कुठली?"

त्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, उलटा केला. त्यांना सांगता येईना. चुकीची फुली धरली असती तर सगळ्या पट्ट्याचा उतार बिघडला असता, आणि त्या पट्ट्यातून कालवा जायचा होता. बिघडलेल्या उतारावर कालवा आखला की पाणी शेवटच्या गावांना पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सोनवणे एस.टी.नं गावात गेले. सरपंचांनी चहा दिला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. पहिली फुली वरच्या आळीत पडली. सरकारनं खूण केली म्हणजे तिथे पाण्याची टाकी होणार असं ठरलं. खालच्या आळीतल्या लोकांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी पायांनी मोजून, अगदी तंतोतंत तशीच फुली आपल्याकडे मारली.

"तुम्ही त्यांना समजावून सांगितलं नाही?" मी नंतर विचारलं.

"सांगितलं ना. टाकी नाही, फक्त फोटो काढायचाय म्हणालो. खालच्या आळीतली एक बाई म्हणाली, 'मग आमच्याबी फुलीचा काढा.'"

सोनवण्यांनी खालच्या फुलीचीही उंची मोजून आणली. देशपांडे बाईंनी दोन्ही बिंदू धरून गणित केलं. नेहमी आमच्या हिशेबात इंचांचा फरक यायचा, त्या पट्ट्यात तो जवळजवळ आलाच नाही.

"सगळ्या गावांनी अशी भांडणं केली," बाई म्हणाल्या, "तर आपली कामं फार नीट होतील."

*

देवळाली कॅम्पातून तोफखान्याचे एक सुभेदार महिनाभर आमच्याकडे शिकायला होते. उंचेपुरे, मिशा, पाठीत काठी घातल्यासारखे ताठ. पण यंत्रावर बसले की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. गद्रे साहेब रोज मागून जाताना म्हणत, "दोनों आँखें."

चौथ्या दिवशी सुभेदारांनी खुर्ची मागे सारली. "साहब, पच्चीस साल यही सिखाया गया कि निशाना लेना है तो एक आँख बंद करो. आप कहते हो दोनों खोलो."

गद्रे साहेब म्हणाले, "आपको पहाड़ उड़ाना है, सुभेदार साहब. हमको सिर्फ नापना है."

*

अहिरेंसारखा ठिपका कोणाला टेकवता यायचा नाही. एकच जागा त्यांना सकाळी मोजायला द्या, संध्याकाळी द्या, उत्तर तेच. आम्हा बाकीच्यांचे हात फूटभर इकडेतिकडे जात.

एका हिवाळ्यात देशपांडे बाईंनी मला हाक मारली आणि एक कागद पुढे केला. तपासणीचे आकडे होते. काही ठिकाणी चार फूट चूक, एका ठिकाणी सहा.

"हे माझं आहे का?" मी विचारलं.

"तुमचं असतं तर मी बोलावलं नसतं. अहिरेंचं आहे. मी तीनदा करून पाहिलं."

बाईंनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दोन दिवस तो तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी अहिरे स्वतःच गद्रे साहेबांच्या खोलीत गेले. मला सोबत बोलावलं, का ते तेव्हा कळलं नाही. त्यांनी टेबलावर एक यादी ठेवली. सहा नकाशांचे नंबर होते.

"ही सहा शीटं पुन्हा करायला लागतील, साहेब."

"का?"

"उजव्या डोळ्यानं दिसत नाही. तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले आतला पडदा सुटलाय, परत येणार नाही. आज सुधारेल, उद्या सुधारेल म्हणून मी थांबलो. जमीन कशी असते ते माहीत आहे, म्हणून अंदाजानं करत होतो. ते चुकलं."

दोन डोळ्यांशिवाय ते काम होत नाही हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. अहिरेंची मोठी मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला होती. ते सरळ उभे होते, हात मागे.

गद्रे साहेबांनी यादी वाचली. "पुन्हा कोण करणार?"

"जगताप करतील," अहिरे म्हणाले. तेव्हा मला कळलं मला का आणलं होतं.

मी ती सहाही शीटं केली. चारांमध्ये काही वावगं नव्हतं. दोनांत चुका होत्या, आणि त्या अहिरेंनी यादीत सगळ्यात वर लिहिलेल्या दोन शीटांत होत्या.

गद्रे साहेबांनी अहिरेंना दुसऱ्या कामावर घेतलं. फोटोत ओळखता येतील असे बिंदू निवडायचे, म्हणजे घराचा कोपरा, बांधांचा तिठा, विहिरीचा काठ, आणि तोच बिंदू दुसऱ्या फोटोत शोधून सुईनं टोचायचा. ते काम एका डोळ्यानं होतं. पण त्यावर वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की सदर कर्मचारी नियमाप्रमाणे पात्र आहे काय?

गद्रे साहेबांनी उत्तर लिहिलं. ते मी टाइप करून घ्यायला नेलं होतं, म्हणून लक्षात आहे. 'नियमात कर्मचाऱ्याची दृष्टी उत्तम असावी असे म्हटले आहे. ती किती डोळ्यांची असावी याचा उल्लेख नाही. श्री. अहिरे यांची दृष्टी उत्तम आहे.'

अहिरे पुढची बारा वर्षं त्याच खुर्चीवर होते.

*

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातले वैद्य नावाचे तरुण प्राध्यापक आमच्याकडे येऊ लागले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता आणि त्यांना त्याच्याकडून आमचं काम करून घ्यायचं होतं. माणसानं भिंगात बघायचंच नाही. फोटो आकड्यांत उतरवायचा, कॉम्प्युटर दोन्ही फोटोंत सारख्या दिसणाऱ्या जागा शोधणार आणि उंची काढणार.

"त्याला घर दिसत नाही, झाड दिसत नाही," वैद्यांनी आम्हाला सांगितलं. "कोपरा दिसतो, कड दिसते. इथे काळं संपून पांढरं सुरू झालं, एवढंच. तोच कोपरा दुसऱ्या फोटोत सापडला की झालं."

अहिरे लक्ष देऊन ऐकत होते. ते वर्षानुवर्षं हेच करत होते.

आम्ही दिंडोरीकडची एक जोडी दिली. कॉम्प्युटर दिवसभर चालला. चौथ्या दिवशी वैद्य लांबच लांब कागदाची गुंडाळी घेऊन आले. नुसते आकडे. आम्ही ते जमिनीवर पसरले आणि माझ्या नकाशाशी ताडून पाहिले. ओढा बरोबर होता, टेकडीही बरीचशी. पण मध्ये एका द्राक्षाच्या बागेत तीस फूट खोल खड्डा होता.

"तिथे खड्डा आहे का?" वैद्यांनी विचारलं.

"नाही," सोनवणे म्हणाले. "मी तिथे द्राक्षं खाल्लीत."

वैद्य खाली बसले. दोन वर्षांचं काम होतं आणि पुढच्या महिन्यात ते मोठ्या लोकांसमोर मांडायचं होतं. त्यांनी सगळे आकडे पुन्हा पाहिले. चूक कुठे ते सापडेना.

अहिरेंनी फोटो हातात घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "बागेत सगळ्या रांगा सारख्या आहेत. तुमच्या कॉम्प्युटरनं इथली सहावी रांग धरली आणि तिथली आठवी. त्याला त्या एकच वाटल्या."

वैद्यांनी विचारलं, "हे तुम्हाला इतक्या पटकन कसं कळलं?"

"आमच्या वस्तीतली मुलं शाळेतल्या गुरुजींना अशीच सारखी दिसायची," अहिरे म्हणाले. "मार एकाचा असायचा, खायचा दुसऱ्यानं."

मग त्यांनी बागेच्या कोपऱ्यातल्या पंपाच्या खोलीवर सुई ठेवली. "हा कोपरा त्याला आधी दाखवा. अशी खोली बागेत दुसरी नाही. मग तिच्यापासून रांगा मोजायला सांगा."

वैद्यांनी तसं केलं. खड्डा बुजला.

*

आता एकच सांगतो. हे कॉम्प्युटर येण्याच्या खूप आधीचं आहे.

पेठच्या बाजूला डोंगरात एक धरण व्हायचं होतं. पाणी कुठवर येणार ती रेघ मी काढली होती. रेघेच्या आतली घरं उठणार, त्यांना दुसरीकडे जागा मिळणार. रेघेबाहेरची राहणार.

एक दिवस एक म्हातारी आणि तिचा मुलगा ऑफिसात आले. म्हातारीचं नाव बुधीबाई. तालुक्याला त्यांना सांगितलं होतं की नकाशा नाशिकला झाला, तिथे विचारा. गद्रे साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या. म्हातारी खाली बसली.

मुलगा म्हणाला, "साऱ्या पाड्याची नावं यादीत आली. आमचं एकट्याचं नाय."

मी शीट काढलं. त्यांचं घर सापडलं. रेघ घराच्या खालून जात होती, सात फूट खालून.

"तुमच्या घरापर्यंत पाणी येत नाही," मी सांगितलं.

"येल," म्हातारी म्हणाली.

"कशावरून, आजी?"

"पावसाळ्यात व्हळाचं पाणी पायरीला लागतं. धरण व्हळाहून मोठं असल ना?"

गद्रे साहेब म्हणाले, "जगताप, जोडी लावा."

मी स्टिरिओस्कोप ठेवला, फोटो लावले आणि तिला कसं बघायचं ते दाखवलं. नव्या माणसाला जमीन उठलेली दिसायला वेळ लागतो. शिकलेल्या लोकांना जास्तच लागतो. बुधीबाई वाकली आणि लगेच स्थिर झाली. तिनं भिंगाखाली हात घातला, टेकडीला लावायला. मी हात बाजूला करून तिला पेन्सिल दिली.

"ही हीर," ती म्हणाली. "हे खळं. ही वाट वरल्या पाड्याला जाती." पेन्सिल एकदाही चुकली नाही.

"आणि हे तुमचं घर," मी म्हणालो.

"ह्ये घर नाय. ह्यो गोठा हाय."

"मग घर?"

पेन्सिल उताराने खाली आली आणि एका काळ्या गोल ठिपक्यावर थांबली. "हितं. आंब्याखाली."

फोटोत तिथे नुसतं झाड होतं. मी पाहिलं, गद्रे साहेबांनी पाहिलं. झाडाच्या आतलं यंत्राला दिसत नाही. त्या जागी छप्पर एकच दिसत होतं, म्हणून मी घराची खूण त्याच्यावर केली होती.

सोनवणे दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले. चार दिवसांनी मोजमाप घेऊन परत आले. बुधीबाईच्या घराचा उंबरा रेघेच्या चार फूट खाली होता. आंबा एवढा पसरलेला, की वीस पावलांवर गेल्याशिवाय घर आहे हे त्यांनाही कळलं नव्हतं. ती बाई दोन एस.टी. बदलून नाशिकला आली नसती तर सगळा पाडा उठून गेल्यावर ते घर तिथेच राहिलं असतं, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी आत आलं असतं.

गद्रे साहेबांनी दुरुस्तीचं पत्र स्वतः लिहिलं. चूक या कार्यालयाची आहे, असं त्यात होतं.

दोन महिन्यांनी मायलेक पुन्हा आले. नाव यादीत चढलं होतं, एका कागदावर अंगठा द्यायचा होता. तो दिला. मुलगा जायला उठला. म्हातारी उठली नाही.

"त्ये पुन्हा एकदा दाखवा," ती म्हणाली.

मी जोडी काढून लावली. ती वाकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आये, येष्टी जाईल," मुलगा म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

मी विचारलं, "काय बघताय, आजी?"

"म्हातारा बसलाय का बघते."

मुलगा माझ्या जवळ आला आणि हळू म्हणाला, "बाप गेल्या साली वारला. फोटो काढला तवा होता. दिसभर दारात बसून असायचा."

मी तिच्या शेजारी वाकलो आणि समजावून सांगितलं, की हा फोटो फार उंचावरून काढलाय. यात माणूस दिसत नाही. बैलसुद्धा धड दिसत नाही.

तिनं भिंगातून डोळे काढले नाहीत.

"हाय," ती म्हणाली. "आंब्याखाली हाय. म्हणून दिसत नाय."